जरा दमानं!

दिवाळी जवळ आली, की इतरांना चकल्यांचा वास येतो. मला उशा आठवतात! तीन उशा पाठीशी रचून, बसल्या बसल्या पहाटेची वाट पाहण्याची विद्या मी आळंदीत राहून चांगली हस्तगत केली आहे. अभ्यंगस्नानाला उठवावे लागत नाही, एवढाच काय तो फायदा.

वाचकहो, दम्याला मुळीच भारदस्तपणा नाही. हृदयविकार म्हटला की पाहुणे संत्री आणतात. दम्याला मिळतात ते सल्ले. कोणी अडुळसा सांगतो, कोणी कोजागिरीच्या खिरीतले औषध, तर कोणी मृगाला हैदराबादेस जाऊन मासा गिळायला सांगतो!

झटका आला म्हणजे सगळे धावतात. पण दोन झटक्यांच्या मधले दिवस हा चोर गुपचूप नेत असतो. प्रथम मी घाटावरचे फिरणे सोडले. इंद्रायणीवर अधूनमधून फेस तरंगतो, तो सबबीला सोयीचा पडला. मग चाकणकडच्या ट्रकांची धूळ म्हणून बाजार सुटला. कार्तिकीच्या गर्दीची धास्ती, म्हणून देऊळ सुटले. पुढे माडीवरची खोली गेली. उबळ येते म्हणून मोठ्याने हसणेही गेले. कोणी विचारले, तर उत्तर एकच : "ठीक आहे."

गेल्या दिवाळीत हिने खकाण्याच्या भीतीने तळण परसात मांडले. आठ वर्षांचा नातू आपल्या फुलबाज्या शेजारच्या मुलाला देऊन आला. "आजोबांना त्रास होतो ना," एवढेच म्हणाला. दुखणे माझ्या छातीत, आणि दिवाळी आखडली पोराची!

भाऊबीज होताच डॉक्टरांकडे गेलो. त्यांनी पाच प्रश्न विचारले : गेल्या चार आठवड्यांत कामात किती अडथळा आला, धाप किती वेळा लागली, रात्री झोपमोड किती झाली, आराम पडावा म्हणून पंप किती वेळा ओढला, आणि दमा ताब्यात आहे असे वाटते का? एकूण गुण २५. १९ किंवा त्याहून कमी, तर दमा ताब्यात नाही. मला पडले ११. गणितातसुद्धा एवढी फजिती झाली नव्हती!

"आजोबा, निळा पंप नळ्या घटकाभर उघडतो, आतली सूज तशीच राहते," डॉक्टर म्हणाले. नुसत्या त्याच्यावर विसंबू नये, असे २०१९ पासून जागतिक मार्गदर्शनही सांगते. सुजेवरचा पंप रोज ओढायचा आणि मग चूळ भरायची. 'पंप लागला की सुटत नाही,' या धास्तीने मी तोच टाळत आलो होतो. या पंपात औषध असते मायक्रोग्रॅममध्ये; माझी लाज मात्र मणभर होती!

आता गुण २१ आहेत, उशी एकच आहे. परवा घाट उतरून चढून आलो. हिने विचारले, "अहो, कसं वाटतंय?" सवयीने 'ठीक' म्हणणार होतो, पण थांबलो. म्हटले, "शेवटच्या तीन पायऱ्यांना धाप लागली."

तुमच्या घरीही असे कोणी 'ठीक' असेल. फराळाचे ताट पुढे करताना जवळ बसा, आणि रात्री झोप लागते का, ते जरा दमानं विचारा.