कण्या-आंबिलीत कमीपणा कसला?

१९७२च्या दुष्काळाची आठवण निघाली की जुनी माणसं दोन गोष्टी हमखास सांगतात : अमेरिकेहून आलेली लाल मिलो ज्वारी आणि दुष्काळी कामांवर वाटली जाणारी सुकडी. त्या दिवसांनी कण्या, घाटा, आंबील यांच्यावर गरिबीचा शिक्का मारला. पुढे हातात चार पैसे खेळू लागले, तशी न्याहारीला पाव-बिस्किटं आली. आंबील अनेक घरांत गौरीच्या नैवेद्यापुरती उरली आणि पेज आजाऱ्यापुरती. कोकण-गोव्यात तेवढी उकड्या तांदळाची पेज टिकून राहिली. लोणच्याच्या फोडीबरोबर किंवा भाजलेल्या सुक्या बांगड्याबरोबर ती आजही चवीनं खाल्ली जाते.

भारताच्या प्रस्तावावरून संयुक्त राष्ट्रांनी २०२३ हे भरडधान्य वर्ष जाहीर केलं. एव्हाना तीच नाचणी आणि तीच ज्वारी चकचकीत पाकिटांत बसून शहरी दुकानांच्या दर्शनी फळीवर पोचली होती. ‘मिलेट पॉरिज’ म्हटलं की गरिबीचा शिक्का आपोआप पुसला जातो आणि किंमत कित्येक पटींनी वाढते.

जरा हिशेब करू या. २०२५-२६च्या हंगामासाठी केंद्र सरकारनं नाचणीला क्विंटलमागे ४,८८६ रुपये हमीभाव ठरवला, म्हणजे किलोला सुमारे ४९ रुपये. त्याच हंगामात संकरित ज्वारीचा हमीभाव होता ३,६९९ रुपये. दळण, वाहतूक, दुकानदाराचा नफा जमेस धरून नाचणीचं पीठ ८० रुपये किलोनं घेतलं, तरी एका वाडग्याला लागणाऱ्या ३० ग्रॅम पिठाचे २ रुपये ४० पैसे होतात. ताक, जिरं, मीठ आणि गॅस मिळवला तरी खर्च दहा रुपयांच्या आतच राहतो. पाकिटाला यापेक्षा जास्त मोजलेले पैसे धान्याचे नसतात. ते डब्याचे, चवीच्या पुडीचे आणि जाहिरातीचे असतात.

हल्ली न्याहारीला आलेल्या ओट्सवर राग धरण्याचं कारण नाही. त्यातल्या विद्राव्य तंतूंमुळे रक्तातलं कोलेस्टेरॉल कमी व्हायला मदत होते, आणि त्यामुळे हृदयविकाराचा धोका कमी होऊ शकतो असा दावा पाकिटावर करायला अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनानं १९९७ मध्ये परवानगीही दिली. पण नाचणीचं पारडंही हलकं नाही. शंभर ग्रॅम नाचणीत साडेतीनशे मिलिग्रॅमच्या आसपास कॅल्शियम असतं. तेवढ्याच दुधात साधारण १२० मिलिग्रॅम. नाचणीतलं सगळं कॅल्शियम अंगी लागत नाही हे खरं. तरी या भावात एवढं देणारं दुसरं धान्य नाही.

‘सकाळी वेळ कुठे असतो?’ हा नेहमीचा आक्षेप. पण आंबिलीचं निम्मं काम रात्रीच होऊन जातं. दोन मोठे चमचे नाचणीचं पीठ अर्धी वाटी पाण्यात कालवून ठेवायचं. सकाळी दीड वाटी पाण्याला उकळी आली की ते त्यात ओतायचं आणि गुठळी होऊ न देता सहा-सात मिनिटं ढवळायचं. खाली उतरवून कोमट झाल्यावर ताक, मीठ, जिरेपूड आणि ठेचलेली लसूण घालायची. गरम आंबिलीत ताक घातलं तर ते फाटतं. ज्वारीच्या कण्यांचं तंत्रही अवघड नाही. गिरणीत ज्वारी भरडून आणायची, वाटीभर कण्या रात्री भिजवायच्या आणि सकाळी चारपाच वाट्या पाण्यात कुकरला लावायच्या.

सहा महिन्यांनंतर बाळाला वरचं अन्न सुरू होतं, तिथे मात्र पातळ पेजेची मर्यादा कळते. बाळाचं पोट लहान, त्यात पाणीच जास्त गेलं तर ताकद कुठून मिळणार? आणि घट्ट शिजवावं तर बाळाला गिळवत नाही. यावरचा तोडगा घरोघरच्या नाचणी सत्त्वात आहे. नाचणीला मोड आले की तिच्यात स्टार्चचं विघटन करणारं अमायलेज वाढतं, त्यामुळे जास्त पीठ घालूनही लापशी सैल राहते. बडोद्याच्या महाराजा सयाजीराव विद्यापीठात डॉ. तारा गोपालदास आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८०च्या दशकात या गुणाचा शास्त्रशुद्ध अभ्यास केला. मोडाची नाचणी सावलीत वाळवून मंद आचेवर जेमतेम भाजावी. जास्त भाजली तर अमायलेज निकामी होतं. नुसती नाचणीही पुरेशी नाही. तिच्यासोबत मुगाची डाळ आणि चमचाभर तूप हवं. पहिल्या वर्षात साखर-मीठ घालू नये.

घरच्या सत्त्वाचं महत्त्व २०२४ मध्ये पुन्हा दिसलं. भारतात विकल्या जाणाऱ्या एका बहुराष्ट्रीय कंपनीच्या बाळ-आहारात वरून साखर घातलेली असते, असं स्वित्झर्लंडमधल्या ‘पब्लिक आय’ संस्थेनं त्या वर्षी उघड केलं. दोन वर्षांखालच्या बाळांच्या अशा आहाराची जाहिरात करायला आपल्याकडे कायद्यानं बंदी आहे. पण बंदी जाहिरातीला आहे, साखरेला नाही.

पाकिटापेक्षा ताजं शिजवलेलं बरं, हे अंगणवाडीलाही लागू आहे. तीन ते सहा वर्षांच्या मुलाला तिथे रोज किती उष्मांक आणि किती प्रथिनं मिळावीत याचं सरकारी प्रमाण ठरलेलं आहे. गावात पिकणारी ज्वारी-नाचणी, डाळ आणि गूळ यांचा ताजा घाटा गावच्या बचतगटानं शिजवला तर ते प्रमाण गाठता येतं, आणि पैसाही गावातच राहतो. सरकारनं बंद पाकिटांपेक्षा या चुलीवर भर द्यावा.

एक सावधगिरी मात्र हवी. बारीक पिठाच्या पातळ लापशीनं रक्तातली साखर भराभर चढते. मधुमेहींनी जाड कण्या, सोबत उसळ किंवा भाजी, असा बेत ठेवावा आणि गुळाला हात लावू नये.

एवढं सगळं वाचूनही ज्यांना पाकीटच घ्यायचं आहे, त्यांनी ते उलटं करून मागची बाजू वाचावी. घटकपदार्थ वजनाच्या उतरत्या क्रमानं छापणं बंधनकारक आहे. धान्यानंतर लगेच साखर आली असेल तर पाकीट फळीवर परत ठेवावं आणि गिरणीत किलोभर नाचणी दळायला टाकावी.