जिमखाना फीचा पैसा कोणत्या खेळाला?

बारावीचा निकाल लागला की आपल्या नारपोली, कामतघर, अंजूरफाटा भागात प्रवेशाची एकच धावपळ सुरू होते. जातीचा दाखला, उत्पन्नाचा दाखला, झेरॉक्स, फोटो. यंत्रमागावरची रात्रपाळी करून आलेला बाप तसाच सकाळी रांगेत उभा राहतो. फी भरली की पावतीची घडी पेटीत जाते आणि विषय संपतो. त्या पावतीवर ट्यूशन फी, लायब्ररी, परीक्षा यांच्या खाली एक ओळ असते, ‘जिमखाना’ किंवा ‘क्रीडा शुल्क’. रक्कम लहान असते, म्हणून तिच्याकडे कोणी पाहत नाही. पण ती ओळ प्रत्येक मुलाच्या आणि प्रत्येक मुलीच्या पावतीवर असते. हजारभर मुलांची ती रक्कम एकत्र केली की महाविद्यालयाचे खेळाचे खाते उभे राहते. ते खाते कोणत्या खेळावर, किती आणि कोणी ठरवून खर्च होते, हा आजचा आमचा विषय.

हा प्रश्न मोठ्या विद्यापीठांना तितका छळत नाही. 2020 साली भुवनेश्वरला पहिल्या खेलो इंडिया विद्यापीठ स्पर्धा झाल्या. त्यात चंदीगडचे पंजाब विद्यापीठ पहिले आणि आपले सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठ दुसरे आले. अशा विद्यापीठांकडे मैदाने आहेत, शेकडो महाविद्यालये आहेत, अनेक खेळ एकाच वेळी पोसण्याची ताकद आहे. पण 2004 साली एका जिल्ह्यासाठी निघालेले सोलापूर विद्यापीठ किंवा 2011 साली गडचिरोली आणि चंद्रपूर या दोन जिल्ह्यांसाठी निघालेले गोंडवाना विद्यापीठ यांचे पांघरूण लहान. आपल्या भिवंडीतील महाविद्यालये मुंबई विद्यापीठासारख्या जुन्या आणि मोठ्या विद्यापीठाखाली येतात हे खरे. तरी प्रत्येक महाविद्यालयाच्या जिमखान्याचा जीव लहानच. पांघरूण लहान असले की कोणाचे तरी पाय उघडे पडणार. ते नेहमी त्याच मुलांचे पडतात का, एवढेच पाहायचे आहे.

आम्ही पेशाने कारकून. भाषणापेक्षा हिशेब बरा समजतो, म्हणून हिशेबच मांडतो. पुढील आकडे कोणत्याही महाविद्यालयाचे नाहीत, गोष्ट कळावी म्हणून धरलेले आहेत. समजा, एका वर्षाला खेळासाठी 1 लाख रुपये आहेत. क्रिकेटच्या 16 मुलांवर 50 हजार गेले. कबड्डीच्या मुलामुलींच्या दोन संघांवर, म्हणजे 24 जणांवर, 12 हजार. खो-खोच्या 24 जणांवर 9,600. धावणे, उड्या, गोळाफेक यांच्या 20 जणांवर 8 हजार. उरलेले 20,400 बुद्धिबळ, कॅरम, बॅडमिंटनच्या 12 जणांवर. आता भागाकार करा. क्रिकेटच्या मुलामागे 3,125 रुपये, कबड्डीच्या मुलामागे 500, खो-खो आणि मैदानी खेळांच्या मुलामागे 400. वार्षिक अहवालात मात्र छापून येते, ‘महाविद्यालयाने सर्व खेळांना प्रोत्साहन दिले.’ ते वाक्य खोटे नाही, पण भागाकार केल्याशिवाय त्याचा अर्थ कळत नाही.

दरडोई हिशेब विचारण्याची ही सवय आपल्याला नवी नाही. 12 मार्च 1927 रोजी मुंबईच्या कायदेमंडळात बाबासाहेब अंदाजपत्रकावर बोलले. सरकार शिक्षणावर माणशी 14 आणे खर्च करते आणि दारूच्या अबकारीतून माणशी 2 रुपयांहून अधिक वसूल करते, हे त्यांनी सभागृहापुढे ठेवले. एकूण रकमेने दिपून जायचे नाही, ती माणशी किती पडते ते विचारायचे, हा धडा जिमखान्याच्या खात्यालाही लागू पडतो.

यावर कोणी म्हणेल, क्रिकेट हा खेळच महाग आहे. पॅड, हेल्मेट, लेदरचा चेंडू, खेळपट्टी. त्याला कबड्डीशी एका तराजूत कसे तोलता? हे म्हणणे रास्त आहे. सगळ्या खेळांना डोळे झाकून सारखी रक्कम द्यावी असे आम्हीही म्हणत नाही. क्रिकेटशी आमचे वैरही नाही. पळवणकर बाळू यांचे नाव आपल्याला ठाऊक आहे. त्यांनी 1911 च्या इंग्लंड दौऱ्यात शंभरावर बळी घेतले. पण हा गोलंदाज घडला कसा? पुण्यात गोऱ्यांच्या जिमखान्यात ते मैदानाची देखभाल करणारे नोकर होते आणि सरावाच्या जाळ्यात इंग्रज फलंदाजांना तासन् तास चेंडू टाकत होते. नोकरीच्या निमित्ताने का होईना, चर्मकार समाजाच्या त्या मुलाला रोज मैदान मिळाले, म्हणून तो घडला. कर्णधारपद मात्र त्यांना जातीमुळे मिळाले नाही, हेही त्याच इतिहासात आहे. तेव्हा मुद्दा रोजच्या मैदानाचा आहे. ज्याच्या घरी किट घ्यायला पैसा आहे त्याला मैदान कुठेही मिळते. ज्याच्या घरी नाही त्याला ते महाविद्यालयानेच द्यायचे असते.

आता कबड्डी स्वस्त म्हणतात, त्यातली मेख सांगतो. मातीवर खेळायला खर्च नाही हे खरे, पण मोठ्या स्पर्धा आता मॅटवर होतात. मॅटवर वेगळे बूट लागतात, पाय वेगळा रोवावा लागतो. वर्षभर मातीत अनवाणी घाम गाळलेली मुलगी स्पर्धेच्या दिवशी प्रथमच मॅटवर उभी राहते आणि चढाईत पाय घसरतो. मग म्हणायचे, ‘आमच्या मुली कमी पडल्या.’ आमच्या ओळखीतल्या एका मुलीला संघाबरोबर जाण्याचे भाडे घरून आणायला सांगितले गेले. घरी बापाचा पगार व्हायचा होता. ती गेली नाही. महाविद्यालयाचे नाव घेत नाही, कारण हे एका महाविद्यालयाचे दुखणे नाही. ज्या खेळाला ‘गरिबांचा खेळ’ म्हणून सर्वांत कमी रक्कम मिळते, त्याच खेळातल्या मुलांकडे पदरचे घालायला काही नसते.

आणि या खेळांत काही अर्थ नाही असे आता कोण म्हणेल? कबड्डी 1990 साली आशियाई स्पर्धांत आली, 2010 पासून तिथे मुलीही खेळतात. जानेवारी 2025 मध्ये दिल्लीला खो-खोचा पहिला विश्वचषक झाला. भारताच्या दोन्ही संघांनी तो जिंकला आणि दोघांचे कर्णधार, प्रतीक वाईकर आणि प्रियांका इंगळे, आपल्या महाराष्ट्राचे. उस्मानाबादची, म्हणजे आताच्या धाराशिवची, सारिका काळे गरिबीतून वर आली, 2016 च्या दक्षिण आशियाई स्पर्धेत भारताच्या खो-खो संघाची कर्णधार झाली, 2020 साली तिला अर्जुन पुरस्कार मिळाला आणि शासनाच्या क्रीडा खात्यात तिला अधिकारपद मिळाले. महाराष्ट्र शासनाच्या नोकरीत खेळाडूंना 5 टक्के जागा राखीव आहेत. त्यासाठी ठराविक खेळांची आणि ठराविक दर्जाची प्रमाणपत्रे लागतात. म्हणजे ज्या मुलीचे बसभाडे खात्यात बसले नाही, तिची पुढची एखादी नोकरीही त्याच ओळीत अडकलेली असू शकते. कामगाराच्या घराला हा प्रश्न करमणुकीचा नाही, पोटाचा आहे.

मग वाटणी करावी कशी? आम्हाला सुचते ते असे. तोच 1 लाखाचा हिशेब धरू.

पहिले 25 हजार कोणत्याही खेळाला न देता बाजूला काढावेत. मैदानाची डागडुजी, प्रथमोपचार, मुलींना कपडे बदलायला बंद खोली, सरावानंतर केळी-चणे. हा खर्च सर्वांचा. घरी सकाळी कांड्या भरून आलेले पोर उपाशीपोटी किती धावणार?

उरले 75 हजार. त्यातले निम्मे, 37,500, खेळाडूंच्या संख्येप्रमाणे वाटावेत. आपल्या उदाहरणातल्या 96 जणांना ते माणशी सुमारे 390 पडतात. संख्या मात्र नावापुरती यादी करून नको, सरावाच्या हजेरीवरून धरावी.

22,500 रुपये दोन किंवा तीन निवडक खेळांना द्यावेत. भिवंडीच्या माणसाला हे समजावायला नको. एक बीम दहा मागांवर चढत नाही, थोडे सूत सगळीकडे वाटले तर कापड कुठेच निघत नाही. सर्वांना चिमूटभर देऊन कोणीच पुढे जात नाही, हा आक्षेप खरा आहे, म्हणूनच हा वाटा. पण निवड कशावरून करावी? परिसरात कोणता खेळ मुरलेला आहे, शिकवणारा माणूस जवळ आहे का, कमी पैशात जास्त मुले खेळतात का आणि बाहेरून देणगी मिळण्याची शक्यता किती. ज्या खेळाला दुकानदार, पुढारी जर्सी आणि चषक आनंदाने देतात, त्याने बाहेरचा हात आधी धरावा. ज्याला कोणी विचारत नाही त्याच्यासाठी घरचे खाते. आणि निवड तीन वर्षांसाठी असावी. प्राचार्य बदलले की खेळ बदलला, असे झाले तर तीन वर्षे घाम गाळलेला मुलगा उघड्यावर पडतो.

शेवटचे 15 हजार राखून ठेवावेत, जो मुलगा किंवा मुलगी विद्यापीठाच्या किंवा राज्याच्या संघात निवडली जाईल तिच्या प्रवासासाठी. याचे कारण खाशाबा जाधव. गोळेश्वरचा हा शेतकऱ्याचा मुलगा कोल्हापूरच्या राजाराम महाविद्यालयात शिकला. 1948 च्या लंडन ऑलिंपिकमध्ये सहावा आला. 1952 साली हेलसिंकीला जायला पैसे नव्हते, तेव्हा गावाने वर्गणी काढली आणि राजाराम महाविद्यालयाच्या प्राचार्यांनी आपले घर गहाण ठेवून 7 हजार रुपये उभे केले. खाशाबांनी कांस्यपदक आणले. स्वतंत्र भारताचे ते पहिले वैयक्तिक ऑलिंपिक पदक. दुसरे मिळायला 1996 साल उजाडले. त्या प्राचार्यांचे मोठेपण आपण सांगत राहावे, पण घर गहाण ठेवणारा माणूस प्रत्येक पोराला भेटत नाही. म्हणून खात्यातच ती सोय हवी.

एक अट या सर्व वाट्यांना लागू असावी. महाविद्यालयात मुली जितक्या, त्या प्रमाणात खेळाच्या पैशातही त्यांचा वाटा. फी मुलीही तेवढीच भरतात. अमेरिकेत 1972 साली शिक्षणात स्त्री-पुरुष भेद करू नये असा कायदा झाला. त्याखाली महाविद्यालयातील मुलींचे प्रमाण आणि खेळाडूंतील मुलींचे प्रमाण जुळते का, हे तपासले जाऊ लागले. मैदानावर मुलींची संख्या कितीतरी पटीने वाढली. पण तिथे एक चूकही झाली. काही महाविद्यालयांनी मोठ्या खर्चाच्या खेळाला हात न लावता मुलांच्या कुस्तीसारखे लहान संघच बंद केले आणि प्रमाण जुळवले. मुलींचा वाटा गरीब मुलांच्या ताटातून काढायचा नसतो, हे आपण त्यातून शिकावे.

हे सर्व मागायचे कोणाकडे? 2016 च्या महाराष्ट्र सार्वजनिक विद्यापीठ कायद्याप्रमाणे प्रत्येक महाविद्यालयात महाविद्यालय विकास समिती असते आणि वर्षाचे अंदाजपत्रक तिच्यापुढे येते. विद्यार्थी परिषदेचे प्रतिनिधी तिच्यावर असतात. विद्यापीठात खेळासाठी वेगळे मंडळ असते. म्हणजे दार आहे, ठोठावणारा हवा. आपली मुलेमुली एरवी निवेदने लिहायला मागे नसतात. त्यांनी या वर्षी प्राचार्यांना साध्या भाषेत, आदराने, एक अर्ज द्यावा. गेल्या वर्षी क्रीडा शुल्क किती जमले, कोणत्या खेळावर किती खर्च झाला, किती मुले आणि किती मुली खेळल्या, एवढे तीन प्रश्न. उत्तर सूचनाफलकावर लावावे ही विनंती. भांडणाची गरज नाही. बहुतेक ठिकाणी क्रीडा शिक्षकाला स्वतःलाच हा हिशेब उघडा व्हायला हवा असतो, कारण मुलांना ‘पैसे नाहीत’ हे सांगण्याची वेळ त्याच्यावरच येते.

अर्ज देताना एक प्रत आणि पोच जरूर घ्यावी. ज्यांना अर्ज लिहिता येत नाही त्यांनी आमच्याकडे यावे, आपण मिळून लिहू. पुढील अंकात शिष्यवृत्तीच्या अर्जात वारंवार होणाऱ्या चुकांविषयी.