देव ‘निरंक’ दाखवू नका!

वरोरा आणि भद्रावती तालुक्यांतल्या बंधुभगिनींनो,

खाणीच्या परवानगीसाठी पर्यावरण खात्याचा जो अर्ज भरतात, त्यात एक प्रश्न असतो : पंधरा किलोमीटरच्या आत कायद्याने संरक्षित सांस्कृतिक स्थळं आहेत काय? भद्रावतीची विजासन लेणी तिथे लिहावीच लागतात. संरक्षित स्मारकाभोवती 100 मीटर बांधकामबंदी आणि पुढचे 200 मीटर परवानगीशिवाय काही नाही, असा कायदाच आहे.

पण शिवारातली माता माय? धुऱ्यावरचा वाघोबा? मोहाखालचं गोंडांचं पेनठाणं? पुरखे पुरले ती जागा? तिथे पुरातत्त्व खात्याची निळी पाटी नाही, सातबाऱ्यावर नोंद नाही, म्हणून रकान्यात ‘निरंक’ लिहून मोकळं होता येतं. शेंदराचा ताजा हात, फोडलेल्या नारळाची करवंटी, फांदीला बांधलेली हिरवी चोळी, एवढं सगळं सर्वेक्षकाच्या डोळ्यांसमोर असतं. हे कुणाचं, असं विचारायला मात्र त्याला कुणी सांगितलेलं नसतं.

आम्ही कोळशाचे वैरी नाही. वरोऱ्यात इंग्रज सरकारची खाण 1871 साली सुरू झाली; कोळसा काय देतो आणि काय नेतो हे या गावाला कुणी शिकवायला नको. आमचं भांडण मोजणीशी आहे. 2013 च्या भूसंपादन कायद्यात सामाजिक परिणामांचा अभ्यास आधी करावा लागतो, पण कोळशासाठी 1957 च्या कायद्याने जमीन घेतली की त्यातून सुटका! पुनर्वसनाच्या गावठाणात मंदिर मिळतं, स्मशानही मिळतं. मूळ ठाणं कुठं होतं, हे विचारण्याची पाळीच येत नाही. सिमेंटच्या देवळात माता माय राहायला जाईल, हे ठरवलं कोणी?

तिकडे एटापल्लीत पाहा. सुरजागडच्या डोंगरावर माडियांच्या ठाकूरदेवाची यात्रा भरते, आणि त्याच डोंगरात 2007 पासून लोहखनिजाचा पट्टा दिलेला आहे. उत्खनन वाढवण्याची जनसुनावणी ऑक्टोबर 2022 मध्ये झाली कुठे? डोंगरापासून कितीतरी दूर, गडचिरोलीला! नियम मात्र म्हणतो, सुनावणी प्रकल्पाच्या जागी किंवा तिच्या अगदी जवळ घ्या.

ओडिशातल्या नियमगिरीत उलट घडलं. डोंगरिया कोंधांच्या देवाचं काय करायचं ते ग्रामसभाच ठरवतील, असं सर्वोच्च न्यायालयाने 18 एप्रिल 2013 रोजी सांगितलं. बाराच्या बारा ग्रामसभांनी खाण नाकारली. त्यांच्या देवाचं देऊळ नव्हतं, डोंगरच देव होता. तो न्यायालयाला दिसला.

आपला भाग अनुसूचित क्षेत्रात नाही, म्हणून हात बांधलेले आहेत असं समजू नका. वनहक्क कायदा 2006 चं कलम 5 इथेही लागू आहे. सांस्कृतिक वारसा जपण्याचा अधिकार त्याने ग्रामसभेला दिला आहे. तेव्हा सुनावणीची नोटीस निघण्याची वाट पाहू नका, ती निघाली की हातात 30 दिवसच उरतात. जाणत्या म्हाताऱ्यांना, भुमकांना आणि बायकांना सोबत घेऊन शिवार फिरा. बायका हव्यातच, कारण ओटी कुठं भरतात हे पाटलाला ठाऊक नसतं. प्रत्येक ठाण्याची जागा नकाशावर टिपा, पूजा कधी आणि कोणाची ते लिहा, फोटो लावा, ग्रामसभेत ठराव घ्या. तो जिल्हाधिकारी आणि प्रदूषण नियंत्रण मंडळ दोघांकडे द्या. सुनावणीत खाणीच्या पर्यावरणीय परिणामांच्या अहवालाचा मराठी सारांश मागा, आणि आपली यादी त्यात नसेल तर तसं इतिवृत्तात लिहून घेतल्याशिवाय उठू नका.

आणि ठराव दिल्यावर शिक्क्याची पोच घ्यायला विसरू नका.

– वरोऱ्यातील काही नागरिक