चंद्रावरून परतलेला चित्रकार

चंद्रावर जाऊन आलेला मनुष्य पुढें घरीं बसून काय करीत असेल, असें आमच्या नातवंडांनीं विचारिलें. अमेरिकेचा अॅलन बीन १९६९ च्या नोव्हेंबरांत चंद्रावर उतरला. १९८१ त नोकरी सोडून त्यानें कुंचला हातीं धरिला. विषय बहुधा एकच, चंद्र! कित्येक चित्रांत तर त्यानें आपल्या पोषाखावरील खरी चांद्रधूळ मिसळली. त्याच्यासह कॉनराड उतरला होता. तिसरा सोबती गॉर्डन मात्र वर यानांतच घिरट्या घालीत राहिला. गॉर्डनला पुढें उतरण्याची आशा होती, परंतु १९७० त ती मोहीमच रद्द झाली. बीननें एका चित्रांत तिघांसही चंद्रभूमीवर एकत्र उभें केलें आहे. इतिहासाच्या कसोटीस हें उतरणार नाहीं, हें उघड आहे. आम्हांस मात्र त्याच्या साऱ्या चित्रांत हेंच पाहत राहावेंसें वाटतें.