विसरलेला अपमान कुठे जातो?

"झालं गेलं विसरून जा, किती दिवस जात-जात करणार?" हा सल्ला आपल्याला नेहमी मिळतो. कधी कधी तर आपल्याच घरातला शिकलेला, स्थिरस्थावर झालेला माणूस तो देतो. पण विसरल्याने अपमान संपतो का?

सिग्मंड फ्रॉइडने 'दमन' या संकल्पनेला मनोविश्लेषणाचा पायाच मानले. दमन म्हणजे लपवणे नव्हे. भाड्याने खोली मिळावी म्हणून आडनाव सांगायचे टाळले, तर आपण काय लपवतोय हे आपल्याला ठाऊक असते. दमनात असह्य विचार किंवा आठवण अबोध मनात ढकलली जाते आणि ढकलली गेली हेही माणसाला कळत नाही. १९१५ च्या निबंधात फ्रॉइड सांगतो की हे काम एकदा होऊन संपत नाही, मनाला त्यासाठी सतत शक्ती खर्चावी लागते. तरीही दडपलेले परत येतेच. ते स्वप्नात येते, आजाराच्या लक्षणात येते, लिहिण्या-बोलण्यातल्या चुकीत येते.

याचे उदाहरण खुद्द फ्रॉइडच आहे. तो दहा-बारा वर्षांचा असताना ज्यू वडिलांनी त्याला आपल्या तरुणपणीची गोष्ट सांगितली. एका ख्रिश्चन माणसाने त्यांची नवी टोपी चिखलात उडवली आणि 'ज्यू, फूटपाथवरून खाली उतर' असे दरडावले. मुलाने विचारले, मग तुम्ही काय केले? बाप म्हणाला, खाली उतरलो आणि टोपी उचलली. मुलाला हे सहन झाले नाही. त्याला हॅनिबलचा बाप आठवला, ज्याने रोमनांवर सूड घेण्याची शपथ मुलाला घ्यायला लावली होती.

पुढे स्वप्नांवरच्या ग्रंथात हा प्रसंग लिहिताना फ्रॉइडने हॅनिबलच्या बापाचे नावच चुकवले. हॅमिल्कारऐवजी हॅस्ड्रुबल, म्हणजे भावाचे नाव लिहिले. तीन वेळा मुद्रिते तपासूनही चूक दिसली नाही. १९०१ मध्ये त्यानेच कारण सांगितले: बापाच्या त्या वागण्यावरची दडपलेली नाराजी या चुकीतून बाहेर आली होती.

मित्रांनो, इथे थांबून विचार करा. टोपी उडवली कोणी आणि मुलाची नाराजी बसली कोणावर? आपल्या घरांत वेगळे काय घडते? गावात आजोबांना कोणी उंबऱ्याबाहेर बसवले, हे आपण विसरतो. उरते ती आजोबांच्या गप्प बसण्याची चीड, वस्तीची लाज, आपल्याच माणसांच्या बोलीचा तिटकारा. अत्याचारी आठवणीतून सुटतो आणि राग आपल्याच माणसांवर निघतो.

बाबासाहेबांनी उलटा मार्ग घेतला. १९१७ साली बडोद्यात पारशी विश्रामगृहातून काठ्या घेतलेल्या जमावाने त्यांना बाहेर काढले. अठरा वर्षांनंतरही ते दृश्य आठवले की डोळ्यांत पाणी येते, असे त्यांनी 'वेटिंग फॉर अ व्हिसा'मध्ये लिहिले. आपण भेदरून गयावया केली, हेही लपवले नाही. आठवण झाकली नाही, तिची साक्ष केली.

फ्रॉइडचे सगळेच म्हणणे आज विज्ञान मान्य करत नाही. दडपलेली आठवण जशीच्या तशी परत मिळते का, यावर मोठा वाद आहे. आपण कोणाचीच पोथी करत नाही, फ्रॉइडचीही नाही. शिवाय जात हा पीडिताच्या मनाचा आजार नव्हे. फूटपाथवरून उतरवणारा बाहेर उभा आहे. म्हणूनच २० मार्च १९२७ ला हजारो लोक महाडच्या चवदार तळ्यावर गेले. मनातली भीती तिथे पाण्याला हात लावून मोडली गेली.

तेव्हा 'विसरा' म्हणणाऱ्यांना सांगा, विसरण्याची किंमत आम्हीच मोजतो. घरी जा, म्हाताऱ्या माणसांजवळ बसा, त्यांना विचारा आणि लिहून ठेवा. ऐकताना "तुम्ही गप्प का बसलात?" हा प्रश्न ओठांवर येईल. तो त्यांना विचारू नका. त्यांना गप्प बसवणाऱ्या व्यवस्थेला विचारा.

जयभीम!