सोने घरातच का राहते?

उद्या विजयादशमी. रायगड जिल्ह्यातल्या रोह्याच्या बाजारपेठेत आपट्याच्या जुड्या आणि झेंडूचे ढीग लागले आहेत आणि सराफांच्या पेढ्यांवरही वर्दळ आहे. तोळ्याने 2025 मध्ये लाखाचा आकडा ओलांडला. एक तोळ्याचे गंठण मनात धरून आलेली बाई अर्ध्या तोळ्यावर येते, अर्ध्या तोळ्याचा बेत असलेली दोन ग्रॅमच्या वेढण्यावर. पण मुहूर्त मोडत नाही. वेढणे म्हणजे चोख सोन्याची तार वळवून केलेली साधी अंगठी. नक्षी नाही, खडा नाही, घडणावळ नाममात्र. ते बोटात घालण्यापेक्षा डबीत ठेवण्यासाठीच घेतात. दसऱ्याला एक, गुरुपुष्याला एक, भात विकल्यावर एखादे, अशी वेढणी साठत जातात आणि लेकीचे लग्न ठरले की सगळी मिळून सोनाराकडे जातात. त्यांच्या पाटल्या होतात, नाहीतर मंगळसूत्र.

अर्थतज्ज्ञ या सोन्याला निपचित पडलेला पैसा म्हणतात. देशाला बहुतेक सोने आयात करावे लागते, त्यापायी परकीय चलन जाते, आणि डबीतल्या वेढण्यातून ना कारखाना उभा राहतो, ना रस्ता होतो. हिशेब म्हणून हे खरे आहे. तरीही लोक ऐकत नाहीत. त्याचे कारण शोधायला रोहेकरांना फार लांब जावे लागत नाही. ते पेणमध्ये आहे.

2010 मध्ये रिझर्व्ह बँकेने पेण अर्बन बँकेच्या व्यवहारांवर निर्बंध घातले. बनावट कर्जखात्यांतून ठेवीदारांचा पैसा बाहेर गेल्याचे उघड झाले. लाखाहून अधिक ठेवीदार एका दिवसात पासबुक हातात घेऊन उभे राहिले. त्यांत शेतकरी होते, निवृत्त शिक्षक होते, गणपतीच्या मूर्तींच्या कारखान्यांत वर्षभर राबून भाद्रपदात हाती आलेला पैसा ठेवणारे कारागीर होते. ठेव विम्याचे कवच तेव्हा एक लाखापुरतेच होते; ते पाच लाखांवर गेले 2020 मध्ये. मोर्चे झाले, उपोषणे झाली, कोर्टाच्या तारखा झाल्या. लग्ने लांबली, शस्त्रक्रिया अडल्या. वाट पाहता पाहता कित्येक ठेवीदार गेलेही. अनेकांना आपली पूर्ण रक्कम आजतागायत मिळालेली नाही.

त्या वर्षी तोळा एकोणीस-वीस हजारांच्या घरात होता. म्हणजे एक लाखाची ठेव ठेवणाऱ्याने त्याच पैशात पाच तोळे घेतले असते, तर आज त्याचे पाच लाखांहून अधिक झाले असते. ही तुलना सोन्याच्या बाजूला झुकलेली आहे, हे मान्य. 2012 नंतर तीन वर्षे सोने उतरतच होते. तेव्हा घाईने मोडणाऱ्यांचे नुकसान झाले. पण ठेवीदाराला बोचते ते व्याज बुडाल्याचे दुःख नव्हे. आपल्याच पैशासाठी दुसऱ्याच्या दारात वर्षानुवर्षे उभे राहावे लागले, हे त्याला बोचते. कपाटातली डबी उघडायला कुणाची सही लागत नाही. पेणच्या घरांनी एवढा एक धडा घेतला आणि तो पुढच्या पिढीलाही दिला.

दैवयोग असा की भारतीय रिझर्व्ह बँकेचे पहिले भारतीय गव्हर्नर याच मातीतले. चिंतामणराव देशमुखांचे वडील रोह्यात वकिली करत. 1943 मध्ये चिंतामणराव गव्हर्नर झाले आणि 1944 च्या जुलैत ब्रेटन वूड्सच्या परिषदेत भारताच्या शिष्टमंडळात बसले. तिथल्या व्यवस्थेत सगळी चलने डॉलरशी आणि डॉलर सोन्याशी बांधला गेला: एका औंसाला 35 डॉलर. ती गाठ अमेरिकेने 1971 च्या 15 ऑगस्टला एकतर्फी सोडली. 2025 मध्ये औंसाचा भाव साडेतीन हजार डॉलरच्या वर गेला. देशमुखांच्याच कारकिर्दीत, 1946 च्या जानेवारीत, सरकारने मोठ्या नोटा रद्द केल्या. पुढे 1978 मध्ये आणि 2016 मध्ये तेच झाले. सोन्यावरही सरकारने हात टाकून पाहिला. 1963 मध्ये मोरारजी देसाईंनी सुवर्णनियंत्रण आणले, चौदा कॅरेटहून चोख नवे दागिने घडवायला बंदी केली. हजारो सोनारांची भट्टी विझली, काहींनी जीव दिला. कायदा 1990 मध्ये रद्द झाला. लोकांचे सोन्यावरचे मन या काळात तसूभरही हलले नाही.

आणि अडचणीच्या वेळी देशाने तरी दुसरे काय केले? 1991 मध्ये परकीय गंगाजळी आटली तेव्हा सुमारे 47 टन सोने परदेशी बँकांकडे तारण ठेवून वेळ निभावली. जून महिन्यात शाळेच्या फीसाठी किंवा बी-बियाण्यासाठी पाटली गहाण टाकणारी बाई हेच करते. त्याच रिझर्व्ह बँकेने 2009 मध्ये नाणेनिधीकडून 200 टन सोने विकत घेतले आणि 2025 मध्ये तिच्याकडे सुमारे 880 टन होते. देशाची मध्यवर्ती बँक सोने साठवते ते शहाणपण, आणि धाटावच्या औद्योगिक वसाहतीतल्या कामगाराची बायको साठवते ते अज्ञान, असे म्हणता येणार नाही.

बाईच्या बाजूचे आणखी एक कारण आहे आणि आमच्या मते तेच सर्वांत मोठे. सातबारावर सासऱ्याचे नाव, घरपट्टीवर नवऱ्याचे. हिंदू वारसा कायद्याच्या 2005 च्या दुरुस्तीने लेकीला वडिलोपार्जित मिळकतीत मुलाइतका हक्क दिला. पण भावाशी वाकडे नको म्हणून हक्कसोडपत्रावर अंगठा उमटतोच. माहेरून तिच्या हाती खरोखर येते ते अंगावरचे चार डाग. जमिनीतला वाटा नाकारलेल्या लेकीचा हिस्सा तिच्या बोरमाळेत असतो. आणि सोने परवडले नाही, तिथे चांदीचे वाळे, पैंजण, जोडवी असतात. कायद्याने ते स्त्रीधन, तिचे एकटीचे. ते परस्पर गहाण टाकणारा नवरा कायद्याने दोषी आहे, हे अजून फार थोड्या घरांत बोलले जाते.

सोने बाळगणे धोक्याचेही असते, हे रायगड जिल्ह्याने रक्त सांडून पाहिले आहे. दिवेआगरच्या एका वाडीत 1997 च्या नोव्हेंबरमध्ये खोदताना तांब्याची पेटी लागली. आत किलोभराहून अधिक वजनाचा सोन्याचा गणेशमुखवटा. कुणीतरी कधीकाळी, कोणत्या तरी भीतीने तो जमिनीच्या पोटात ठेवला होता आणि तिथे तो सुखरूप राहिला. वर आल्यावर पंधरा वर्षेही टिकला नाही. 2012 च्या मार्चमध्ये दरोडेखोरांनी दोन रखवालदारांना ठार करून तो पळवला आणि वितळवला.

म्हणून उद्या घ्याल ते डोळसपणे घ्या. हॉलमार्क आणि सहा अक्षर-अंकांचा ओळखक्रमांक पाहिल्याशिवाय दागिना हातात घेऊ नका. 2023 च्या एप्रिलपासून तो बंधनकारक आहे. पक्के बिल घ्या आणि ते जिच्यासाठी दागिना आहे तिच्या नावाने करा. घडणावळीत जाणारा पैसा मोडताना परत येत नाही, म्हणून साठवायचे असेल तर साधे घ्या. गहाण टाकायची वेळ आली तर खासगी सावकाराआधी बँकेत विचारा. सोनेतारणाच्या नव्या नियमांसाठी एप्रिल 2026 ची मुदत होती. त्यांत अडीच लाखांपर्यंतच्या कर्जाला किमतीच्या 85 टक्क्यांपर्यंत रक्कम मिळू शकते आणि चांदीचे दागिनेही तारण चालतात.

आणि सरकारला एकच सांगणे. लोकांनी सोने कपाटातून काढून बँकेत आणावे असे वाटत असेल, तर उपदेश थांबवा. पेण अर्बनच्या ठेवीदारांच्या हयातीत त्यांचे पैसे त्यांना द्या. जप्त मालमत्ता विका, रखडलेले खटले संपवा आणि वाटपाची तारीख जाहीर करा.