‘येर’ म्हणजे पाणी

भामरागड-एटापल्लीकडचे माडिया बालक पहिलीत बसते, तेव्हा अक्षर आणि मराठी भाषा या दोन्ही गोष्टी त्याच्यापुढे एकदमच येतात. घरी ते पाण्याला ‘येर’ म्हणते. आपल्या संतवाणीत ‘येर’ म्हणजे इतर! आपणही त्याला तसेच लेखत आलो. ‘प पाण्याचा’ त्याला कळला नाही की ते मंद ठरते.

मातृभाषेतून प्राथमिक शिक्षणाची सोय करावी, असे घटनेचे ३५०-अ कलम १९५६ पासून राज्यांना सांगत आहे. तरीही धानोरा तालुक्यातील मोहगावच्या ग्रामसभेने २०१९ मध्ये गोंडी शाळा काढली, तर २०२२ मध्ये शिक्षण खात्याने ती अनधिकृत म्हणून नोटीस धाडली! इंग्रजी माध्यमाच्या नावाने गळा काढणारे आपण मराठीजन तेव्हा कोठे होतो? माओवाद्यांनी गोंडीतून गाणी रचून तरुणांना जंगलात नेले. त्यांना जी भाषा शिकता आली, ती आपल्या खात्याला येऊ नये?

मराठी नको, असे कोणी म्हणत नाही. मूल आधी गोंडी-माडिया वाचू दे, तेही देवनागरीतून. तीच अक्षरे मराठीला कामी येतील. पण त्यासाठी पहिलीच्या वर्गावर त्याची भाषा बोलणारा शिक्षक हवा, आणि असे शिकलेले तरुण त्याच गावांत आज बेकार बसले आहेत.